काकूंना सांगितलेला अर्थ

इंग्रजीतली लय मला सरांनी शिकवली. मी साताऱ्याच्या कॉलेजात एम.ए.ला होते. रहिमतपूरजवळच्या खेड्यातनं रोज एस.टी.नं यायचे आणि इंग्रजी वाचायला उभी राहिले की सगळी अक्षरं एकाच वजनानं वाचायचे. पहिल्याच तासाला सरांनी मला थांबवलं.

"तू मराठीच वाचतेयस. शब्द तेवढे इंग्रजी आहेत," ते म्हणाले. वर्ग हसला. सर हसले नाहीत. "आपल्या वृत्तात लघू-गुरू मोजतात. इथं जोर मोजायचा. आवाज कुठल्या अक्षरावर दाबलाय ते ऐक."

मग त्यांनी 'रेकॉर्ड' हा एकच शब्द दोनदा उच्चारला. नाम असताना जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद झालं की दुसऱ्यावर. मला दोन्ही सारखेच वाटले. फरक ऐकू यायला तीन महिने गेले.

पुढं मी सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात लागले आणि सरांकडेच पीएच.डी.साठी नाव घातलं. विषय होता इंग्रजी गद्याची लय. महिन्यातनं एका रविवारी लिहिलेलं प्रकरण घेऊन मी साताऱ्याला जायचे. सर ते मोठ्यानं वाचत. "इथं तीन जोर लागोपाठ आलेत. वाक्य अडखळतंय. अडखळायलाच हवं असेल तर राहू दे."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा ठेवून आत जायच्या. त्या कोरेगावकडच्या, शाळा सातवीपर्यंत झालेली. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. आमचं बोलणं चाललं की काकू कधी बसल्या नाहीत, आणि सरांनीही त्यांना कधी बस म्हटलं नाही. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर सरांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बोललेलं सगळं कळायचं, पण स्वतःचा शब्द सापडायचा नाही. पाणी हवं असलं की डावा हात तांब्याकडे जायचा आणि तोंडातनं "ते, ते" एवढंच यायचं.

त्यांना घरी आणल्यावर मी भेटायला गेले. काय बोलावं सुचेना. म्हणून एम.ए.ला त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतलेल्या एका समुद्राच्या कवितेची पहिली ओळ मी म्हटली. दुसरी सरांनी म्हटली. तिसरीही. प्रत्येक जोर जागच्या जागी पडत होता.

काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "बोलले? काय म्हणाले गं?"

पाठांतर आहे, असं सांगायला हवं होतं. पण काकूंचा चेहरा बघितला आणि मी म्हटलं, "तुम्ही जेवलात का, असं विचारतायत."

काकू दाराशीच खाली बसल्या. "न्हाई अजून," त्या सरांना म्हणाल्या. "तुमच्या आदी कवा जेवलीया का मी?"

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागले. काकू आता पलंगाजवळ येऊन बसायच्या. मी ओळ द्यायचे, सर पुढं म्हणायचे आणि मी अर्थ सांगायचे. तुमचे गुडघे दुखतात का. माझ्यामुळं तुम्हाला फार त्रास होतोय. काकू उत्तरं द्यायच्या, सविस्तर, लाजत. सगळं ऐकताना सर माझ्याकडे एकटक बघायचे. ती त्यांची संमती आहे, असं मी धरून चालले.

जानेवारीतल्या एका रविवारी मी पहिली ओळ म्हटली आणि सरांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मी पुन्हा म्हटली. त्यांनी डावा तळहात पलंगाच्या फळीवर आपटला, मग पुन्हा आपटला. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

"का रागावले?" काकूंनी विचारलं.

त्यानंतरच्या आठवड्यात स्पीच थेरपिस्ट बाई घरी आल्या. काकूंनी त्यांना कौतुकानं सांगितलं, की सर आपल्याशी इंग्रजीत बोलतात. त्या बाईंनी समजावलं, की पाठ केलेलं गाणं, कविता अशा आजारातही शाबूत राहते. ते आपोआप येतं, त्यात त्यांचं स्वतःचं म्हणणं नसतं.

पुढच्या रविवारी काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. "खरं सांग. काय असतंय त्यात?"

"समुद्र आहे, काकू. एक जहाज गेलंय, ते परत आलेलं नाही."

"आनि मी?"

"नाही."

त्या कट्ट्याला धरून उभ्या राहिल्या. "चाळीस वर्सांत त्यांनी माजं गुडघं कवा इचारलं न्हाईत. तवाच मला कळाया पायजे हुतं." मग म्हणाल्या, "त्यांना समदं ऐकू येत हुतं. त्यांच्या तोंडात तू कायबी घालत हुतीस आनि त्यांना न्हाई म्हनता येत न्हवतं."

मी माफी मागितली. त्यांनी दूध उतू जाईल म्हणून गॅस बारीक केला.

त्यानंतर मी दोनदाच गेले. सर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मार्चमध्ये त्यांना दुसरा झटका आला. निरोप मला परीक्षेच्या ड्यूटीवर असताना मिळाला. मी पोचले तेव्हा माणसं माहुलीहून अंत्यविधी उरकून परतत होती.

काकू आता कोरेगावला भावाकडे असतात. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांच्या भावजयीनं उचलला. "बोलायचं न्हाई म्हणत्यात," एवढंच तिनं सांगितलं. आता मी करत नाही. विद्यापीठानं मला दुसरे मार्गदर्शक दिलेत. प्रबंध अजून लिहून व्हायचाय.