गुरुवारची हजेरी

आमची शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या बर्फातली. मी हवालदार, सेक्शन कमांडर. किसन माझ्या हाताखालचा नाईक. माझं गाव शिरूर तालुक्यातलं केंदूर, त्याचं दौंडकडचं पाटस. एकाच जिल्ह्याचे म्हणून बंकरमध्ये शेजारी झोपायचो. संध्याकाळी रमचा वाटा मिळायचा, तोही ठरलेला. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. पेट्रोलवर एकदा मी कपारीत घसरलो. किसन कमरेला दोर बांधून खाली उतरला आणि मला वर घेऊन आला. वायरलेसवर विचारणा झाली तेव्हा तो धापा टाकत एवढंच बोलला, "वन इंजर्ड. सेफ. ओव्हर."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दोघंही पेन्शनवर आलो. गावात ना रोल कॉल, ना ड्यूटी. मिलिटरी कॅन्टीनची बाटली मात्र मिळत होती आणि किती प्यायची हे सांगणारा वरचा कुणी उरला नव्हता. मी सकाळीच सुरू करायचो. किसन एका गोडाऊनवर वॉचमन होता. ड्यूटीवर पिऊन सापडला आणि ते काम गेलं.

सकाळी चहाचा कप हातात धरवेना, तेव्हा मी शिरूरच्या एका दवाखान्यात गेलो. औषध देताना कंपाउंडर म्हणाला, "दारू सोडनाऱ्यांची मीटिंग भरती म्हनं. आपल्यासारखीच मानसं बसून बोलत्यात."

"कुठं?"

"हितं न्हाई. पुन्यात आसंल."

हे मी किसनला सांगितलं. त्याने जवळपास शोध चालवला. कुणी हसलं, कुणी त्याला मंदिरात माळ घालायला सांगितलं. शेवटी दौंड स्टेशनच्या बाकावर एक रिटायर्ड रेल्वे गार्ड भेटले. ते स्वतः एकेकाळचे पिणारे. किसनने आमच्या गावातल्या एसटीडीवर फोन लावून मला बोलावून घेतलं.

"साब, जागा घावली. बेस्तरवारी दुपारी. दौंड."

"येतो."

चर्चच्या मागे एक खोली होती. लाकडी खुर्च्या, माठ, भिंतीवर कॅलेंडर. गार्डसाहेब आणि आणखी चार-पाच जण. प्रत्येकाने नाव सांगायचं आणि म्हणायचं, मी दारुडा आहे. किसनची पाळी आली. तो उठून सावधान उभा राहिला. नंबर, रँक, नाव सांगितलं आणि थांबला.

"बैठके बोलो, फौजी," गार्डसाहेब म्हणाले. "यहाँ परेड नहीं है."

किसन बसला. उरलेलं वाक्य त्याला त्या दिवशी जमलं नाही.

आम्ही दर गुरुवारी जाऊ लागलो. मी शिरूरहून न्हावऱ्याच्या एसटीने चौफुल्यापर्यंत, तिथून पाटसला, पुढे दोघं मिळून दौंडला. माझी दारू हळूहळू कमी होत होत सुटली. किसन महिनाभर राहायचा, परत घसरायचा. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याकडेला हातभट्टी सहज मिळे. मग त्याला खोलीत यायची लाज वाटू लागली. लागोपाठ दोन गुरुवार तो आला नाही, म्हणून मी पाटसला गेलो.

दारात शोभावहिनी उभ्या होत्या. चेहरा उजळलेला.

"भावजी, परवाधरनं थेंब घेतला न्हाई त्यांनी. म्हनत्यात, बेस्तरवारी ताठ मानेनं जानार."

आत किसन भिंतीला टेकून बसला होता. अंग घामाने भिजलेलं, दोन्ही हात थडथड उडत होते.

"किसन, बरं हाय का?"

"ओके साब." मग कोपऱ्याकडे बघून म्हणाला, "रेशन पार्टी पोस्टवर आली का? बर्फ लई पडतोय."

कोपऱ्यात फक्त पाण्याची घागर होती. बाहेर ऊन होतं. मी त्याचा दंड धरला तेवढ्यात त्याला झटका आला.

शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून आम्ही दौंडकडे निघालो. वाटेत दुसरा झटका आला. माझा हात त्याच्या मानेखाली होता. वहिनी पायाशी बसून "अवो, बोला की" एवढंच म्हणत होत्या. दवाखान्यात पोचलो तेव्हा तो गेलेला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "रोज पिणारा होता? एकदम बंद केली?"

"व्हय."

"अशी एकदम सोडायची नसते. दवाखान्यात ठेवून सोडवायची असते."

गार्डसाहेबांना सांगितलं. "हमको किसीने बताया नहीं," म्हणाले. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही एकमेकांना फक्त सोडा म्हणत होतो.

पुढच्या पावसाळ्यात गार्डसाहेब मुलीकडे राहायला गेले. खोलीला कुलूप लागलं. मी शिरूरला एका शाळेची खोली मागून घेतली, तिथल्या फळ्यावर मीटिंगचा वार आणि वेळ लिहिली. काही गुरुवार एकटाच बसलो. एकदा एक बाई दारात आल्या. म्हणाल्या, "आमचे मालक येत न्हाईत, मी बसू का?" थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. नंतर शाळेलाच ती खोली हवी झाली आणि मीटिंग बंद पडली. मी आजही पीत नाही. त्याचं विशेष काही वाटत नाही. ज्याने जागा शोधली तो राहिला नाही.

पाटसला लोक म्हणतात, किसन दारू पिऊन मेला. मी सुरुवातीला सांगायचो, तो गेला तेव्हा प्यायलेला नव्हता. लोक मान हलवायचे. आता सांगत नाही.

पंधरा ऑगस्टला आम्ही माजी सैनिक झेंड्याखाली उभे राहतो. शहिदांची नावं पुकारली जातात. किसनचं नाव त्यात नसतं, आणि नसणारच. नावं संपली की मी सॅल्यूट न सोडता हळूच म्हणतो, "नाईक किसन, पाटस."

"काय म्हनला, आप्पा?" शेजारचा विचारतो.

"काय न्हाई."

तोवर मुलांना खाऊ वाटायला सुरुवात झालेली असते.