चंद्रावर जाऊन आलेल्याचा दहावा

मी मॅनेजरला मेसेज टाकला, "घरी दहावा आहे, आज लॉगिन उशिरा करेन." कोणाचा, ते लिहिलं नाही. चंद्रावर जाऊन आलेल्या एका अमेरिकन म्हाताऱ्याचा, असं लिहिलं असतं तर वाकडच्या ऑफिसात माझी काय किंमत राहिली असती कोण जाणे.

दहावा घातला होता माझ्या काकांनी. शाळेत असताना चावडीवरच्या रेडिओवर बातमी ऐकून ते चऱ्होलीभर सांगत पळाले होते, की माणूस चंद्रावर उतरला. तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, देवळासमोर सगळ्यांदेखत विचारलं, "कुणी पाह्यलं?" सगळं गाव हसलं. पुढे काका पिंपरीच्या कंपनीत लेथ चालवून निवृत्त झाले, शेतं जाऊन चहूबाजूंनी टॉवर आले, दोघा भावांचा एक बंगला झाला, वाद मात्र तोच राहिला. वडील जेवता जेवता मध्येच म्हणायचे, "कुणी पाह्यलं?" आणि काका ताटावरून उठायचे.

टीव्हीवर तो म्हातारा गेल्याची बातमी आली तशी काकांनी डोक्यावरून अंघोळ केली आणि चक्क सुतक धरलं. वडिलांनी विचारलं, "नात्यातला हाय का?" काका म्हणाले, "हाय." घाटावरच्या गुरुजींनी गोत्र विचारलं तेव्हा मात्र पंचाईत झाली. म्हणून विधी नाही, नुसता गच्चीवर कावळ्याला घास ठेवायचा ठरलं.

काकूंनी भात, वडा असं रीतसर पान वाढलं. वडा बिनमिरचीचा, कारण तिकडची माणसं तिखट खात नाहीत. शेजारी ब्रेड-बटरही ठेवलं. आधी कबुतरं आली, ती आम्ही हाकलली. मग एक कावळा आला, टाकीवर बसला आणि तिथूनच बघत राहिला. गेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग ती ओळखून कोणीतरी शब्द द्यायचा असतो. आता या माणसाची इच्छा ओळखायची कशी?

"पोराबाळांची काळजी आसंल," काकू म्हणाल्या. काकांनी लगेच हात जोडले, "पोरांची काळजी करू नका, आमी हाय." मला हसू आवरेना. आमचा लातूरचा भाडेकरू चाकणहून रात्रपाळी करून थेट गच्चीवर आला होता. तो म्हणाला, "काका, त्यांना पुन्हा चंद्रावर जायचं असंल." काका म्हणाले, "पाठवू."

"चाकणला जायला बस मिळंना, हे चंद्रावर पाठवत्यात," काकू म्हणाल्या. मी पदर नाही म्हणून ओढणी तोंडात कोंबली. भाडेकरूही भिंतीकडे तोंड करून हलत होता. कावळा मात्र जागचा हलेना.

मग काका हळूच म्हणाले, "मला ठावं हाय त्यांचं काय राह्यलंय." त्यांनी वडिलांकडे बघितलंही नाही. वडील कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठ करून पेपर वाचत होते. काकांचे डोळे भरून आले होते आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. या माणसाला आयुष्यभर काय हवं होतं, ते मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

वडिलांनी पेपरची घडी घातली. चप्पल काढली, पानासमोर उभे राहिले आणि टाकीकडे बघून हात जोडले. "पाव्हणं, तुमी चंद्रावर गेला व्हता. मी मानतो. आता घास घ्या."

मग ते काकांकडे वळले, आणि आम्ही सगळे दोघा भावांकडेच बघत राहिलो. पुन्हा पानाकडे पाहिलं तेव्हा वडा नव्हता. टाकीवर कावळाही नव्हता. कठड्यावरून शेजारच्या सोसायटीचं मांजर मिशा चाटत चाललं होतं.

काका घाबरेघुबरे झाले. "शिवला का? कुणी पाह्यलं?"

भाडेकरू पायाकडे बघायला लागला.

"मी पाह्यला," वडील म्हणाले. "कावळाच व्हता."

मी वडिलांच्या शेजारीच उभी होते. त्यांची नजर सारा वेळ काकांच्या तोंडावर होती. काकांनी एकदा मांजराकडे पाहिलं, एकदा भावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू पाह्यलास ना, मग झालं." त्या दिवशी दोघं एका पंगतीला बसले आणि काका शेवटच्या घासापर्यंत ताटावरून उठले नाहीत.