मोठेबाबा आणि ग्रॅन्डॅडची पहिली भेट

कारंज्याच्या स्टँडवर ग्रॅन्डॅड (माझ्या इंग्रज आईचे वडील) सकाळी आठला एसटीसाठी रांग लावून उभे होते. रांगेत ते एकटेच. बस आली तशी मी खिडकीतून रुमाल टाकून दोन सीटा धरल्या. हे काही बरोबर नाही, असं ते म्हणाले. बसले मात्र खिडकीजवळ.

आईचा पाय मुरगळलेला, बाबा तिच्यापाशी. म्हणून पाहुणे पोचवायचं काम माझ्याकडं. निघताना बाबांनी बजावलं, "आज नकला करू नको. लग्नात बोलावलं नाई म्हणून दादा अजून रुसून हाये. आज बिघडलं तर कायमचं."

दादा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठेबाबा. ते आणि मोठ्याई (त्यांची बायको) आसेगावला शेती करतात. आईबाबांचं लग्न तिकडं इंग्लंडातच कोर्टात उरकलं. त्यामुळं हे दोघं म्हातारे एकमेकांना ओळखायचे ते फक्त माझ्या नकलांतून. व्हिडिओ कॉलवर ग्रॅन्डॅडला मी मोठेबाबा करून दाखवायचो आणि आसेगावात ग्रॅन्डॅड. आपलीही नक्कल होते, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

शेलूबाजारहून जीप. नवाच्या जागेत चौदा. शेजारच्या मावशीनं विचारलं, "बाबू, हे गोरे बाबा कोण होय?"

"आजोबा."

"कोणाचे?"

"माझेच."

तिनं माझं सावळं तोंड नीट पाहिलं. "नाकावरून वाटते खरं." मग मेथीची जुडी ग्रॅन्डॅडच्या हातात देऊन ती झोपली. त्यांनी ती आसेगावपर्यंत पुष्पगुच्छासारखी धरली.

मोठेबाबांनी शेतातच रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाड गोळे) बेत केला होता. निंबाखाली बाजा टाकलेल्या. पाणी झालं, चहा झाला. मी इकडचं तिकडं पोचवत होतो, पण पोचवायला पावसापाण्याशिवाय काही नव्हतं.

एकदम ग्रॅन्डॅडनी दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या. "राइट देन." आणि उठले.

ही थाप आसेगावात सगळ्यांना पाठ. अशी थाप पडली म्हणजे इंग्रज निघाला, हे मीच शिकवलेलं. मोठ्याईच्या हातातलं वांग्याच्या भाजीचं पातेलं तिथंच थांबलं. मोठेबाबांचा चेहरा उतरला.

"काहून? न जेवताच चालले? तवाही आमाले विचारलं नाई, आताही नाई."

ग्रॅन्डॅडना फक्त आखडलेला पाय मोकळा करायचा होता. पण हे सांगायचं तर मी शिकवलेलं खोटं ठरलं असतं, म्हणून मी गोवऱ्या उकरत बसलो. काहीतरी बिघडलं, एवढं त्यांना कळलं. मराठीतलं त्यांना एकच बोलणं येत होतं. त्यांनी डोक्यावर नसलेली टोपी मागं सारली, घसा खाकरला.

"अबे पोट्ट्या, जेवला का? मंग काहून वाळून राह्यला?"

हुबेहूब मोठेबाबा. मोठ्याईनं पदर तोंडाला लावला.

मोठेबाबा माझ्याकडं वळले. "हे त्याईले कोणं शिकवलं?"

मी डोळ्यात धूर गेल्यासारखं केलं.

मोठेबाबा बाजेवर टेकले. टोपी मागं सारली, घसा खाकरला, आणि दोन्ही गुडघ्यांवर दणकन थापा मारल्या. "राइट देन. वाढा."

ग्रॅन्डॅडनी तुपात बुडवून तीन रोडगे खाल्ले. निघताना मोठेबाबांनी त्यांच्या खांद्यावर दुपट्टा टाकला, डोक्यावर टोपी घातली. व्याह्याचा मान. "लग्नासाठीच आणला होता," ते म्हणाले. "तवापासून पेटीत हाये."

परतीच्या जीपमध्ये मी ग्रॅन्डॅडना विचारलं, माझी नक्कल येते का? त्यांनी नवी टोपी मागं सारली, घसा खाकरला आणि गुडघ्यांवर थापा मारल्या. मी म्हटलं, हे तर तुम्ही दोघं. ते म्हणाले, नाही, हा तूच. रोज करतोस.

घरी आई उशीवर पाय ठेवून वाट पाहत होती. "काय झालं?"

मी तिच्याजवळ बसून, आधी घसा खाकरून, सगळं सांगितलं. मग गुडघ्यांवर थापा मारल्या आणि चहा ठेवायला उठलो. आई आणि ग्रॅन्डॅड का हसले, ते गॅस पेटवताना कळलं. तेव्हा मी नक्कल करतच नव्हतो.