जावयाच्या वयाचा दंतवैद्य

परवा वाशीला दाढ दाखवायला गेलो होतो. एकाच गल्लीत दातांच्या डॉक्टरांच्या इतक्या पाट्या, की कुठे शिरावं कळेना... आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची वाशी आठवली. खाडीपलीकडून आलेली थोडी बिऱ्हाडं, भोवती मोकळा वारा, आणि सगळ्यांत मिळून एक दंतवैद्य.

मी तेव्हा नव्या शहराची आखणी करणाऱ्या ऑफिसात होतो. नर्स किती, दंतवैद्य किती, हे आम्ही लोकवस्तीच्या आकड्यावरून ठरवायचो. शाळेत पाठ केलेल्या कवितांत दात नेहमी मोत्यांचे, नाहीतर कुंदकळ्यांचे... किडलेली दाढ एकाही कवीने पाहिली नव्हती. आमच्या नकाशानेही नाही.

हिशोबाप्रमाणे दंतवैद्य नेमला. तरुण, हसतमुख मुलगा. पण त्याची खुर्ची रिकामीच. आमच्या पेंडसेसाहेबांचं म्हणणं, इथल्या लोकांचे दात चांगले दिसतात, ही जागा दुसरीकडे हलवू. ते नक्की करायला एका सकाळी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. खुर्ची एकदा गेली की परत येणार नाही, हे डॉक्टरलाही ठाऊक होतं.

तेवढ्यात तुर्भे गावातली एक आजी सुनेबरोबर आली. गाल टम्म सुजलेला. दारातून डॉक्टर दिसला मात्र, तोंडावर पदर घेऊन ती मागे वळली. सून वैतागली. दुखण्याने घरात कुणाला झोपू दिलं नाही, आणि आता दारातून परत...

"जावयाच्या वयाचा हाय गो," आजी पदराआडून म्हणाली. "त्याच्याम्होरं तोंड कसा उघडू?"

सुनेने आम्हाला सांगितलं, गावात सगळ्या बायकांचं असंच. मिश्रीने काळे झालेले दात परक्या पुरुषाला दाखवायचे नाहीत. दुखलं तर लवंग धरायची नि गप्प बसायचं.

डॉक्टर शांतपणे हात धूत होता. "आजी, मला अजून कुणी मुलगी दिलेली नाही."

आजीला हसू आलं, हसताना कळही आली. ती दारातून आत आली. मग खुर्चीत बसली, तोंडावरचा पदर वर सरकवून डोळ्यांवर घेतला आणि आ केला.

"मी तुला बगत नाय. आता तू बग."

दाढ निघाली. परतताना जीपमध्ये साहेबांनी माझ्याकडून आराखड्याची फाईल घेऊन चाळली. मग म्हणाले, "खुर्ची राहू दे. पुढच्या आराखड्यात आणखी एक डॉक्टर धरलाय ना? त्याच्या जागी दातांचं शिकलेली बाई मागा."

आमच्या तक्त्यात बाई की पुरुष असा रकानाच नव्हता. मी तो पेन्सिलीने आखला. ती बाई यायला पुढे पुष्कळ काळ गेला... तोवर तुर्भ्याच्या बायका डोळ्यांवर पदर घेऊन येत राहिल्या.

परवाची डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. "तोंड उघडा, आजोबा," म्हणाली, आणि माझे उरलेसुरले दात आठवून मलाच लाज वाटली. खिशातला रुमाल काढून डोळ्यांवर घेतला.

तिला वाटलं, दिवा डोळ्यांत जातोय. तिने तो बाजूला वळवला... रुमालाखाली मी त्या आजीचे आभार मानले आणि आ केला.