माळीपुऱ्याच्या रस्त्यातले लिंबू

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, मारामाऱ्यांची तर गणतीच नाही. त्यांतले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण अकोटच्या माळीपुऱ्यात भर रस्त्यात ठेवलेले ते लिंबू काल पाहिल्यासारखे डोळ्यांपुढे आहे. लोक मला दरोड्यांच्या गोष्टी विचारतात आणि मी लिंबाची सांगायला लागलो की हसतात. हसू देत बापडे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी अकोट ठाण्याचा ठाणेदार होतो. अकोला ते अकोट सर्व्हिस मोटारी धावू लागून फार काळ झाला नव्हता. कापसाचा हंगाम आला की सरकी काढणाऱ्या जिनांकडे जाणाऱ्या बैलगाड्यांनी मोठा रस्ता असा गच्च व्हायचा की मोटारीला नाक खुपसायला जागा नसे. मग मोटारवाल्यांनी माळीपुऱ्यातून आडवाट काढली. दोन कंपन्यांच्या मोटारी होत्या, आणि जी आधी स्टँडावर पोहोचेल तिला परतीचे उतारू मिळायचे. त्यामुळे लोकांच्या अंगणांना घासून नुसती शर्यत चाले. कोंबड्या मेल्या, एक गाभण शेळी चिरडली गेली. वस्तीतल्या बायाबापड्या ठाण्यात येऊन रडून गेल्या.

मी तिथे पाटी लावली, 'मोटारी सावकाश हाका'. पाटी धुळीने दिसेनाशी झाली. मग आमचे हवालदार हात वर करून रस्त्यात उभे राहिले. हवालदार म्हणजे तालमीत घडलेला गडी; पण त्यांनासुद्धा शेवटी गटारात उडी मारावी लागली. चिखलाने भरलेला गणवेश घेऊन ते ठाण्यात आले आणि म्हणाले, "साहेब, गुंडाले आडवं होईन, पन या लोखंडाले नाई."

जागेची पाहणी करायला मी स्वतः गेलो, तेव्हा एक म्हातारा माळी मोटेचे बैल घेऊन घरातून निघाला. घर रस्त्याच्या या अंगाला, मळा आणि विहीर त्या अंगाला. मोटार भोंगा वाजवत येत होती आणि हा गृहस्थ मान खाली घालून सरळ रस्त्यात उतरला. हवालदारांनी धावत जाऊन त्याला मागे ओढले म्हणून वाचला. शेजारी म्हणाले, बुढा ठार बहिरा आहे, कानाशी तोफ डागली तरी कळायचे नाही. दिवसातून कितीतरी वेळा तो असाच आडवा जायचा. आज ना उद्या या माणसाचा पंचनामा आपल्यालाच करावा लागणार, असे त्या दिवसापासून सारखे वाटायचे.

आणि एके दिवशी फिर्याद आली, पण ती वस्तीकडून नव्हे. एका कंपनीचे मालक आले. नागपुरात शिकलेले, पतलून घालणारे, स्वतः मोटार चालवणारे गृहस्थ. खुर्चीत बसायच्या आधीच कडाडले, "ठाणेदार साहेब, माळीपुऱ्यात आमच्या मोटारींवर करणी करून राहिले! रोज भर रस्त्यात उतारा ठेवतात. लिंबू, शेंदूर, झेंडूचं फूल. ड्रायव्हर ब्रेक मारतात, उतरतात, हात जोडतात, अन् बैलगाडीसारखे बाजूनं काढतात. मी असलं काही मानत नाही. पण ते मानतात न!"

त्यांना शंका दुसऱ्या कंपनीची होती. तिने बाळापूरचा एक मांत्रिक लावला आहे अशी त्यांची पक्की खबर होती.

सार्वजनिक रस्त्यात अडथळा, अशी नोंद घेऊन मी पंचनाम्याला निघालो. लिंबू होते. पिवळेधमक, शेंदूर लावलेले, बरोबर रस्त्याच्या मध्यभागी. पंच म्हणून दोघांना बोलावले तर ते दोन हात लांब उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "लिंबू हाय जी, दिसून राह्यलं." हवालदारांना मुद्देमाल उचलायला सांगितले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगितले होते.

"साहेब, नोकरी घ्या. हे नाई उचलत."

शेवटी मीच रुमालात उचलले. खोटे कशाला बोलू, उचलताना मनात कुलदेवतेचे नाव घेतलेच. ते लिंबू मालखान्यात ठेवले आणि माझी बदली होईपर्यंत त्या फळीवर कोणी झाडूसुद्धा फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवे लिंबू हजर.

मी साध्या कपड्यांत पानाच्या ठेल्याजवळ उभा राहून पाहिले. मोटार आली ती धुळीचा लोट उडवत, भोंगा कोकलत, नेहमीसारखी बेफाम. आणि लिंबापाशी येऊन घुर्रर्र करत थांबली! ड्रायव्हर उतरला, त्याने टोपी काढून नमस्कार केला, आणि मग पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने मोटार बाजूने काढली. सरकारी पाटीने जे झाले नाही, वर्दीतल्या पहिलवानाने जे झाले नाही, ते त्या एवढ्याशा फळाने केले होते. थोड्या वेळाने दुसऱ्या कंपनीची मोटार आली, तीही तशीच थांबली. तिथेच मला कळले की हे काम दुसऱ्या कंपनीचे नाही. स्वतःच्या मोटारीच्या वाटेत कोण खोडा घालील?

तरी खबर होती म्हणून मांत्रिकाला ठाण्यात आणले. मी उताऱ्यातल्या एकेका वस्तूचे नाव घेऊन दरडावून विचारले, तर तो माणूस घाबरण्याऐवजी चिडला.

"सायेब, माही बेइज्जती करून राह्यले तुमी. ह्याले उतारा म्हन्ते काय? काया दोरा नाई, कोयसा नाई. अन् उतारा रोज रोज कोन टाकते? आमोशा पाह्यते, शनिवार पाह्यते मानूस. हे त कोनी बी पोट्टं ठेवून देईन."

"मग लोक भितात कसे?"

"भेतेत कारन कोनी जवय जाऊन पाह्यत नाई."

त्याला चहा पाजून सोडून दिले. जाताजाता तो म्हणाला, "एक पाहा. उताऱ्याचं लिंबू कोनी परत उचलत नाई. तिथंच सुकते. तुमचं रोज ताजं कसं दिसते?"

मी कपाळावर हात मारला. खरेच की! रोज नवे येत होते, तर जुनी जात कुठे होती? ज्याला हवालदार हात लावत नाहीत, पंच हात लावत नाहीत, ते उचलण्याची छाती फक्त ठेवणाऱ्याची असणार.

दुसऱ्या दिवशी मी हवालदारांना घेऊन पुन्हा पानाच्या ठेल्याजवळ पाळतीला उभा राहिलो. दुपारची मोटार गेली. त्यानंतर बराच वेळ मोटार नसे. म्हाताऱ्याच्या घरातून एक बुढी बाहेर आली, लुगड्याचा पदर खोचलेली, हातात फुलांची टोपली. तिने इकडे पाहिले नाही की तिकडे पाहिले नाही. खाली वाकली, लिंबू उचलले, शेंदूर पदराने पुसला आणि लिंबू टोपलीत टाकून चालती झाली. भाजी निवडावी इतक्या सहज.

मी आणि हवालदार मागोमाग तिच्या अंगणात गेलो. बहिऱ्या म्हाताऱ्याची ती बायको.

"आजी, रस्त्यात लिंबू तुमीच ठेवता काय?"

"मीच ठेवतो जी. बसा न." तिने बाजेवर घोंगडी टाकली. घाबरणे नाही, रडणे नाही.

"काहून ठेवता?"

तिने विहिरीकडे बोट दाखवले. म्हातारा मोट हाकत होता. "थो पाहा आमचा बुढा. त्याले आयकू येत नाई. घरात बस म्हनलं त बसत नाई, मया सुकते म्हन्ते. मी त्या मोटारवाल्याइले हात जोडले. पाया पडली. रस्त्यात उभी राह्यली. थे भोंगा वाजवते अन् तसेच येते."

"मग लिंबाचं कसं सुचलं?"

"शेजारनीचं पोट्टं तापानं फनफनलं होतं, तिनं उतारा टाकला. अन् पाह्यलं त काय, मोटार थांबली! मी दारात उभीच्या उभी राह्यली, बाप्पा. मंग मनात इचार केला. मानूस दिसला त त्याइले वाटते, हा होईन बाजूले. लिंबू काई बाजूले होत नाई. मंग त्याइलेच थांबा लागते." तिने पुन्हा विहिरीकडे पाहिले. "आमचा बुढा बी बाजूले होत नाई जी. त्याच्यासाठी थांबत नाई, लिंबासाठी थांबते. मंग ठेवलं लिंबू."

माझ्या साऱ्या नोकरीत इतका सरळ जबाब मला कोणी दिला नव्हता. बोलता बोलता तिने तेच लिंबू धुतले, विळीवर कापले आणि सरबत करून पुढे केले. हवालदार म्हणाले, "मले तहान नाई जी," आणि त्यांच्या घशाला कोरड पडलेली मला स्पष्ट दिसत होती. मी प्यायलो. पहिला घोट जरा जड गेला. नंतर दुसरा पेला मागून घेतला.

आता पेच माझा होता. फिर्याद खरी, कायदा खरा, आणि आरोपी समोर. बुढीवर खटला भरला तर लिंबू बंद. लिंबू बंद की म्हातारा गेला.

मालकांना ठाण्यात बोलावून सारे सांगितले. मला वाटले, ओशाळतील. कसचे काय! उलट खूश झाले. "म्हणजे करणी वगैरे नाहीच! मग झालं तर. उद्या मी स्वतः मोटार चालवतो अन् सगळ्यांसमोर त्या लिंबावरून नेतो. ड्रायव्हरांची भीती मोडली की बुढीचं लिंबू बसू द्या तिथं."

"अहो, पण तो म्हातारा?"

"बहिरा आहे म्हणून रस्ता बंद ठेवायचा काय? आमचा भोंगा अकोटभर ऐकू जातो. जो हटत नाही त्याची चूक."

मी बुढीला निरोप दिला की उद्या म्हाताऱ्याला घरात ठेव. तिने उलटा निरोप पाठवला, "पानी द्याचा दिवस हाय. मी सांगून पाहीन. थो कुठं आयकते?"

दुसऱ्या दिवशी माळीपुरा दारादारांत उभा होता. ड्रायव्हरही जमले होते. मी आणि हवालदार म्हाताऱ्याच्या दाराशीच उभे राहिलो. लिंबू आपल्या जागी होते. मोटार लांबून दिसली, मालक स्वतः चालवत होते, आणि वेग असा की पानठेल्याचे पत्रे थरथरले. बायकांनी तोंडाला पदर लावले. आली, आली, आणि लिंबाच्या हातभर अलीकडे ब्रेक कर्कश ओरडले आणि मोटार थांबली.

कोणीतरी हसले. मालकांचा चेहरा लाल झाला. त्यांना काही समजत नव्हते. ते स्वतःच्या पायाकडे असे पाहत होते की जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा असावा. ज्याने ठासून ठासून सांगितले होते की मी मानत नाही, त्याचा पाय परस्पर ब्रेकवर गेला होता.

ते चिडून पुन्हा मोटार काढणार, एवढ्यात आमच्या पाठीमागून, गोठ्याच्या बाजूने, म्हातारा बैल घेऊन निघाला. मी हाक मारली! बहिऱ्याला हाक मारली मी, एवढा गोंधळलो होतो. म्हातारा मोटारीच्या तोंडासमोरून चालू लागला. मालकांनी भोंगा दाबला. बैलांनी कान टवकारले. म्हाताऱ्याने मान वळवली नाही. मालकांनी पुन्हा दाबला, जोरजोरात, रबराचा गोळा पिळून पिळून. एक माणूस त्या भोंग्यापासून चार पावलांवर, आणि त्याच्यासाठी जगात काहीही वाजत नव्हते. उन्हात बैलाच्या पाठीवरची माशी हाकलत तो शांतपणे पलीकडे गेला.

मालकांचा हात भोंग्यावर तसाच राहिला. मग ते हलक्या आवाजात, आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "याले तं खरंच आयकू येत नाई."

"नाई जी," बुढी दारातून म्हणाली.

ते खाली उतरले. लिंबू उचलले, जवळ जाऊन बुढीच्या हातात दिले आणि मोटारीत बसले. उरलेला माळीपुरा त्यांनी बैलगाडीच्या चालीने पार केला. संध्याकाळी फिर्याद मागे घेतली, आपल्या ड्रायव्हरांना ताकीद दिली, आणि दुसऱ्या कंपनीच्या मालकाकडेही स्वतः जाऊन आले. पुढे मी बुढीला विचारले, आता लिंबू ठेवत नाही का? ती म्हणाली, "आता कायले? लोनच्याले लागते."

पोलिसाच्या नोकरीत माणसाला धाकाचे फार कौतुक असते. मलाही होते. काठी, पाटी, दंड, याशिवाय माणूस वळत नाही असे मी मानत आलो होतो. त्या दिवसानंतर मी प्रत्येक नव्या शिपायाला सांगायचो की बाबा रे, माणसाला आधी थांबायला लाव. थांबला की त्याला समोरचे दिसते. पळत्याला काही दिसत नाही. हे मला कोणत्याही वरिष्ठाने शिकवले नाही. लिंबू पुसून टोपलीत टाकणाऱ्या त्या बुढीने शिकवले, आणि तिच्यापुढे मी आजही मनातल्या मनात हात जोडतो.

पेन्शनीत आल्यावर एकदा लग्नकार्यासाठी अकोटला चाललो होतो. कापसाचाच हंगाम होता. मोठा रस्ता गाड्यांनी तुंबला म्हणून एस.टी. माळीपुऱ्यातून वळली. ड्रायव्हर तरणाबांड, गाडी वाऱ्यासारखी हाकत होता. पण त्या विहिरीपाशी आला आणि गाडी एकदम पायी चालल्यासारखी झाली. म्हातारा आणि बुढी जाऊन कैक वर्षे झाली होती.

मी पुढे वाकून विचारले, "इथं हळू काहून केली?"

"इथं हळूच करा लागते जी. मले शिकवनाऱ्यानं सांगतलं. एक बह्यरा मानूस आडवा येते म्हने."

"तुमी पाह्यला काय त्याले?"

"नाई जी. पन येईन त?"

मी खिडकीतून विहिरीकडे पाहिले. रस्ता ओलांडणारे कोणी नव्हते. गाडी तरीही हळूच गेली.