कागदोपत्री शिंपी

शर्यतीच्या आधी परब चपला काढून हातात घ्यायचे आणि भर दुपारी तापलेल्या वाळूत सबंध ट्रॅक अनवाणी चालून यायचे. गोरे ड्रायव्हर छत्रीखाली बसून हसायचे. मी कुंपणापाशी उभी राहून ओरडायचे, "अहो परब, पायांची सालटी निघतील!" तर ते शांतपणे म्हणायचे, "वैनी, वाळयेक पाय लावल्याशिवाय ती बोलना नाय." आणि मग शर्यतीत, ज्या वळणावर बाकीच्यांच्या गाड्या घसरायच्या, तिथून परबांची गाडी सरळ निघून जायची.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात साठेसाहेबांचं गॅरेज होतं. मी तिथलं ऑफिस सांभाळायचे आणि बाबल परब, मूळचे कुडाळकडचे, तिथे मेकॅनिक होते. शहराबाहेर काही हौशी लोकांनी वाळू दाबून गोल ट्रॅक केला होता. तिथे दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, रस्त्यावरच्या साध्या, जुन्या गाड्या पळवायचे. सीटा काढायच्या, काचा काढायच्या, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करायचा, की झाली स्टॉक कार तयार. आमच्या गॅरेजची गाडी परबांनी भंगारातून उभी केली होती. माझे मिस्टर नोकरीला दूर रुवैसला, फक्त शुक्रवारी घरी यायचे, तर आम्ही मुलांना घेऊन सगळे तिकडेच.

गाडीच्या टपावर मात्र नाव होतं निखिल साठे. साहेबांचा एकुलता एक. हा दिवटा पहिल्याच शर्यतीत टायरांच्या ढिगात घुसला आणि बाहेर येऊन भडाभडा ओकला. तेव्हापासून पद्धतच पडली. गाडी चालवायची परबांनी, आणि जिंकून ती आमच्या तंबूमागे थांबली, की परबांच्या डोक्यावरचं हेल्मेट निखिलच्या डोक्यावर जायचं. कप घ्यायला तो पुढे. सगळ्या गॅरेजला ठाऊक होतं, पण बाहेर कुणी सांगत नव्हतं.

मी परबांना म्हणायचे, "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? मेहनत तुमची आणि फोटो त्या ठोंब्याचा?" ते पाना पुसत हसायचे. "नाव काय गाडी चलवता, वैनी? घाई पायात होयी, डोक्यात नको." मला ते त्यांचं बापुडेपण वाटायचं आणि त्याचाही संताप यायचा. एखाद्या माणसाने इतकं खाली मान घालून का राहावं?

पुढे गणपती आले. आमच्या मराठी मंडळाने निखिलचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठेवला. वाळवंटातला मराठमोळा वीर म्हणे! वीराने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "थँक यू, अंकल्स अँड आंटीज. इट वॉज रिअली टफ." लोकांनी टाळ्या कुटल्या. आणि त्याच हॉलमध्ये, मागच्या बाजूला, परब महाप्रसादासाठी खुर्च्या लावत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिस्टर कानात म्हणाले, "तू गप्प बस. नोकरी आहे तुझी तिथे." गप्प बसणं जमलं असतं तर काय हवं होतं!

शनिवारी सकाळी मी ट्रॅकवाल्यांचा ड्रायव्हरचा फॉर्म टाइप केला. नाव, बाबल परब. सोबत व्हिसाची झेरॉक्स जोडली.

"सही करा इथे."

"कित्याक ह्यां, वैनी? चललाहा ता बरा चललाहा."

"सही करा म्हणते ना!"

केली बिचाऱ्यांनी. मी फॉर्म पाठवून दिला आणि त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

आता माझी अक्कल ऐका. परबांच्या व्हिसावर धंदा लिहिला होता शिंपी. साठ्यांचं कपडे शिवायचंही दुकान होतं, गॅरेजच्या व्हिसाच्या जागा संपलेल्या, तिथली एक रिकामी होती, म्हणून परबांना शिंपी करून आणलं. तो कागद भरला होता मीच! आखातात तेव्हा याचं कुणाला काही वाटत नसे. गवंड्याच्या व्हिसावर लोक हिशेब लिहायचे. मी स्वतः नवऱ्याच्या व्हिसावर, कागदोपत्री गृहिणी. व्हिसा निघाला ना, मग झालं. इतकं अंगवळणी पडलं होतं, की झेरॉक्स जोडताना तो शब्द मला दिसलाच नाही.

ट्रॅकवाल्यांनी तो फॉर्म विम्यासाठी पुढे धाडला, आणि विमा कंपनीला तो शब्द दिसला. त्यांनी साठ्यांना फोन करून विचारलं, तुमचा शिंपी गॅरेजची गाडी कसा काय चालवतो?

साहेब माझ्या टेबलापाशी येऊन ओरडले. "इन्स्पेक्शन आलं तर गॅरेजला कुलूप लागेल! कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"आणि परबांचं काय?"

"खलास. व्हिसा कॅन्सल करून घरी पाठवतोय त्याला." पोराचा खोटेपणा झाकायला हा माणूस दोन वर्षं परबांच्या जिवावर जगला आणि एका फोनवर त्याने परबांना पुसून टाकलं. मी वाट्टेल ते बोलले. राजीनामा तोंडावर फेकला. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

परबांना परत कधी व्हिसा मिळाला नाही. कुडाळला ते चिऱ्यांचा ट्रक चालवायचे, चार वर्षांनी तापाने गेले. मला बातमी महिन्याने कळली.

ते शारजा सोडून निघाले, त्या दिवशी मी एअरपोर्टवर गेले होते. रडत होते, पण तोंडाचा पट्टा चालूच. साठ्याला सोडणार नाही, ट्रॅकवाल्यांना सगळं खरं सांगते, तुमचं नाव लावल्याशिवाय राहणार नाही, असं काय काय. परब कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी बॅग खाली आपटली.

"पुरे करा, वैनी! नाव तुमका होया होता. माका शुक्रवार होयो होतो."