रेफरन्ससाठी दोन नावं

कन्नड मुलखातल्या होसकोट्याच्या त्या कारखान्यात क्वालिटी विभागात मी सात वर्षं काढली. आमचे साहेब कधी ओरडायचे नाहीत. सकाळच्या मीटिंगमध्ये ते हळू आवाजात विचारायचे, ही चूक कुणाची, आणि ज्याची असेल त्याने मीटिंग संपेपर्यंत उभं राहायचं. पन्नाशीच्या माणसांनीसुद्धा. नवीन होते तेव्हा मला हसू यायचं. मग माझीच पाळी वरचेवर यायला लागली आणि हसू आटलं. संध्याकाळी घरी के. आर. पुरमला परतताना कंपनीच्या बसमध्ये मी दुसऱ्या दिवशीची उत्तरं जुळवत बसायचे. नवरा म्हणायचा, सोड ना ती नोकरी, आणि मी त्याच्यावरच डाफरायचे. सोडून जायला आपल्याला काहीतरी येतं असं आधी वाटावं लागतं. मला तेच वाटेनासं झालं होतं.

तरी अर्ज केले. पहिल्या दोन मुलाखतींत मी स्वतःच्या कामाबद्दल इतकी चाचरत बोलले की समोरच्यांना माझी दया आली असावी. तिसऱ्या ठिकाणी मात्र एका बाईंनी प्रश्न न विचारता एक बिघडलेला पार्ट समोर ठेवला आणि म्हणाल्या, बघा बरं याचं काय झालंय. पार्ट हातात घेतला आणि जीभ सुटली. अर्धा तास मी बोलत होते, त्या लिहून घेत होत्या. बाहेर आल्यावर रस्त्यातच नवऱ्याला फोन करून सांगितलं, अरे, मला येतं सगळं.

दोन दिवसांनी मेल आला. रेफरन्ससाठी दोन नावं हवी होती, त्यातलं एक आताच्या कंपनीत वरिष्ठ असलेल्या किंवा राहिलेल्या माणसाचं. पहिलं नाव नागपूरच्या आधीच्या नोकरीतल्या साहेबांचं दिलं. दुसऱ्यासाठी आताच्या साहेबांना विचारणं शक्यच नव्हतं. उरले अण्णा.

अण्णा कोलारकडचे, आमच्या विभागातले सगळ्यांत जुने. काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले. दोन वर्षांपूर्वी एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. दोष असला तरी तो आहे तसा पाठवा, असं साहेबांनीच तोंडी सांगितलं होतं आणि तेव्हा अण्णांच्या शेजारी मी उभी होते. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, चूक कुणाची, आणि अण्णांना उभं केलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीबाही लिहीत राहिले. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर मी त्यांना एक फोनही केला नव्हता. लाज वाटत होती, दुसरं काय.

रविवारी इथल्याच शहरातल्या शिवाजीनगरला गेले. तिथे भाच्याच्या दुकानात ते मोजमापाची उपकरणं दुरुस्त करत होते. त्यांनी चहा मागवला. मी मेट्रो, उन्हाळा, मुलीची शाळा, सगळं बोलून घेतलं. मग एका दमात सांगून टाकलं की रेफरन्स हवाय, आणि त्या दिवशी मी भ्याले, माझं चुकलं.

अण्णांनी उघडलेल्या डायल गेजवरून नजर काढली नाही. आमच्या नेहमीच्या हिंदीतच म्हणाले, "माझा नंबर दे. काम चांगलं आहे तुझं, तेच सांगेन. पण हे मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. त्या खोलीत बारा जण होते. त्यांना अजून वाटतं, चूक माझी."

चहा संपवून निघाले.

त्यांनी खरंच चांगलं सांगितलं असणार, कारण नोकरी मिळाली. नोटीस दोन महिन्यांची होती, आणि नव्या ठिकाणी लागणारं रिलीव्हिंग लेटर साहेबांच्या हातात. रोज सकाळी ठरवायचे, आज मीटिंगमध्ये बोलायचं. रोज गप्प बसायचे. नवीन नोकरी खिशात असूनही भीती जात नाही, हे मला तेव्हा कळलं आणि स्वतःचा फार राग आला.

शेवटच्या आठवड्यात मीटिंगमध्ये एका मालावरून साहेब म्हणाले, अण्णांच्या वेळी झालं तसं पुन्हा नको. मी उभी राहिले. कुणी उभं केलं नव्हतं.

"तो लॉट पाठवायला तुम्ही सांगितलं होतं, सर. मी तिथे होते. तेव्हाच बोलायला हवं होतं."

वाक्य पूर्ण झालं. साहेब हळूच म्हणाले, हा आजचा विषय नाही. पुढे माझं लेटर त्यांनी महिनाभर अडकवलं. नव्या कंपनीतल्या त्या बाई माझ्यासाठी थांबल्या, हे माझं नशीब.

बोलले त्याच संध्याकाळी अण्णांना फोन करून झालेलं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कोण कोण होतं खोलीत?"

मी टेबलाच्या एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक नावाला ते कन्नडमध्ये "सरी", म्हणजे ठीक, म्हणत होते. आठव्या नावानंतर त्यांना बोलता येईना. तरी मी थांबले नाही, उरलेली सगळी नावं सांगितली.